परसबागेतील कांद्याची पात : प्रश्न बियाण्याच्या वयाचा

कांदा हे अहिल्यानगर जिल्ह्याचे एक प्रमुख नगदी पीक आहे. राहुरी, पारनेर, संगमनेर, राहाता, कोपरगाव या तालुक्यांतील शेतकरी खरिपात पोळ, त्यामागून रांगडा आणि डिसेंबर-जानेवारीत लागणीचा उन्हाळ अशा तीन हंगामांत कांदा घेतात. तथापि याच जिल्ह्यातील गावांतून आणि शहरांतून रोजच्या जेवणासाठी लागणारी कांद्याची पात मात्र बहुतेक घरी बाजारातून जुडी-जुडीने विकत आणली जाते. शिर्डीसारख्या झपाट्याने वाढलेल्या गावात तर परस आहे, पाणी आहे, पण पात मात्र विकतची, असे चित्र सर्रास दिसते.

परसात पात लावण्याचा प्रयत्न कोणी करीतच नाही, असे नव्हे. शाळेच्या आवारात, अंगणवाडीच्या मागे, घराच्या पडवीलगत वाफे केले जातात, बी पेरले जाते, नेमाने पाणीही घातले जाते. परंतु पंधरा-वीस दिवसांनी वाफ्यात चार-दोन रोपे तेवढी दिसतात. मग माती निकृष्ट आहे, पाणी जड आहे, किंवा लावणाऱ्याच्या हाताला गुण नाही, असे निष्कर्ष काढले जातात आणि पुढच्या वर्षी तो वाफा ओसाड पडतो. वस्तुतः अशा बहुसंख्य प्रसंगी दोष मातीचा नसतो, पाण्याचाही नसतो. तो असतो बियाण्याच्या वयाचा. कांद्याचे बी अल्पायुषी आहे, ही एक गोष्ट नीट ध्यानी घेतली तर परसातील पातीचा प्रश्न निम्म्याहून अधिक सुटतो. उरलेला भाग निगेचा आहे. या दोन्ही बाजूंचा येथे क्रमाने विचार केला आहे.

पात आणि कांदा

आपल्याकडे ‘पातीचा कांदा’ म्हणून जे विकले जाते ते नेहमीच्या कांद्याचेच कोवळे रोप होय. गड्डा धरण्यापूर्वी किंवा तो जेमतेम धरू लागताच रोप मुळासकट उपटले की झाला पातीचा कांदा. चीन, जपान आदी पूर्व आशियाई देशांत मात्र पातीसाठी एक वेगळी जात प्राचीन काळापासून लावली जाते. शास्त्रज्ञ तिला ‘ॲलियम फिस्टुलोसम’ म्हणतात, तर आपल्या कांद्याला ‘ॲलियम सेपा’. पूर्वेकडील ही जात गड्डा धरीत नाही. तिला बुडाशी फुटवे येतात आणि ती अनेक वर्षे टिकते. तिचे बी आपल्याकडे क्वचितच मिळते आणि त्यावाचून काही अडतही नाही. आपल्या नेहमीच्या जातींपासून उत्तम पात मिळते.

महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी ही १९६८ साली स्थापन झालेली संस्था याच जिल्ह्यात आहे. बसवंत ७८०, फुले समर्थ, एन-२-४-१ हे तिने शिफारस केलेले वाण शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहेत. पुणे जिल्ह्यातील राजगुरुनगर येथे कांदा व लसूण यांवरील राष्ट्रीय संशोधन संस्था असून भीमा सुपर, भीमा राज, भीमा शक्ती हे तेथील वाण होत. पातीकरिता यांपैकी कोणताही वाण चालतो. मात्र पावसाळ्यात व त्यानंतर लगेच पेरावयाचे असल्यास बसवंत ७८० किंवा भीमा सुपर यांसारखा खरिपाचा वाण, आणि थंडीत पेरावयाचे असल्यास एन-२-४-१ किंवा भीमा शक्ती यांसारखा रब्बीचा वाण निवडणे श्रेयस्कर.

लहान कांदे किंवा कोंब आलेले कांदे मातीत खोचूनही पात घेता येते, आणि ती बियापेक्षा लवकर, महिना-सव्वा महिन्यात मिळते. परंतु त्यात एका कांद्यामागे एकच झुबका मिळतो आणि कांदा महाग असतो तेव्हा ही रीत परवडत नाही. उलट एक ग्रॅम बियात सुमारे ३०० दाणे असतात. अल्प खर्चात पुष्कळ रोपे हवी असतील तर बियाला पर्याय नाही.

बियाण्याचे आयुष्य

ज्वारी, गहू, टोमॅटो, वांगी यांचे बी नीट ठेवल्यास तीन-चार वर्षे चांगले उगवते. कांद्याच्या बियाचे तसे नाही. आपल्याकडे हे बी एप्रिल-मे महिन्यांत तयार होते. त्याच वर्षीच्या खरिपात आणि रब्बीत ते जोमाने उगवते. परंतु घरातील फळीवर उघड्या पुडीत राहिलेल्या बियाने एक पावसाळा आणि एक उन्हाळा पाहिला की त्याची उगवणशक्ती वेगाने घसरते. दुसऱ्या वर्षी त्यातील निम्मे बीही उगवेल याची शाश्वती राहत नाही.

याचे कारण समजण्यास सोपे आहे. बी हा सजीव आहे. तो मंदपणे श्वसन करीत असतो आणि साठवलेले अन्न खर्ची घालीत असतो. हवेतील दमटपणा आणि उष्णता वाढली की हा खर्च वाढतो. बीजशास्त्रात याविषयी एक ठोकताळा मान्य झालेला आहे : बियातील ओलावा एक टक्क्याने कमी केला तर त्याचे आयुष्य सुमारे दुप्पट होते, तसेच साठवणीचे तापमान ५ अंश सेल्सिअसने उतरवले तरीही आयुष्य सुमारे दुप्पट होते. आता शिर्डी परिसरातील पत्र्याच्या छपराखालील खोली डोळ्यांसमोर आणावी. मे महिन्यात तेथील उष्णता ४० अंशांच्या वर जाते आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट होते. अशा खोलीत वर्षभर पडून राहिलेले कांद्याचे बी मृतप्राय झाले तर नवल नाही.

तेव्हा बी खरेदी करताना पाकिटावरील चित्रापेक्षा चाचणीची तारीख पाहावी. बियाणे अधिनियम, १९६६ अन्वये विकल्या जाणाऱ्या प्रमाणित बियाण्याच्या पिशवीवर निळे लेबल असते आणि त्याची वैधता चाचणीच्या तारखेपासून ९ महिने धरली जाते. कांद्याच्या प्रमाणित बियाण्यासाठी उगवणशक्तीची किमान मर्यादा ७० टक्के आहे. म्हणजे उत्तम बियाण्यातही शंभरांतील तीस दाणे न उगवण्याची शक्यता कायद्यानेच गृहीत धरली आहे. भाजीपाल्याची लहान पाकिटे बहुधा सत्यप्रत लेबलाची असतात; त्यांवरही उगवणीची टक्केवारी, चाचणीची तारीख आणि वैधतेचा कालावधी छापलेला असतो. तो वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

येथे आणखी एका गैरसमजाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. किराणा दुकानात ‘कांद्याचे बी’ या नावाने जे काळे दाणे मिळतात ती कलौंजी होय. ती दिसण्यात कांद्याच्या बियासारखी असली तरी तिचा कांद्याशी काहीही संबंध नाही. ती एका निराळ्याच फुलझाडाची बी आहे. तिच्यापासून पात कधीही मिळणार नाही. याउलट पेरणीसाठीचे बी पुष्कळदा बुरशीनाशक लावलेले, रंगीत असते. ते स्वयंपाकघरात ठेवू नये आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये.

शंभर दाण्यांची परीक्षा

केवळ रंगावरून किंवा चकाकीवरून बियाचे वय ओळखता येत नाही. त्याकरिता उगवणीची चाचणी हाच भरवशाचा उपाय. ती कोणत्याही शाळेत किंवा घरी, पै-पैशाच्याही खर्चाशिवाय करता येते.

पाकिटातील बी नीट मिसळून त्यातून न निवडता शंभर दाणे मोजून घ्यावेत. टिपकागद किंवा स्वच्छ सुती कापड भिजवून, पिळून, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळींत दाणे मांडावेत. वर दुसरे ओले कापड ठेवून सैलसर गुंडाळी करावी आणि ती सावलीत, थंड जागी ठेवावी. कापड ओलसर राहावे, परंतु त्यातून पाणी निथळू नये. सहाव्या दिवशी पहिली मोजणी आणि बाराव्या दिवशी अखेरची मोजणी करावी. ज्या दाण्यांना निरोगी मूळ आणि कोंब दोन्ही आले असतील तेच उगवलेले समजावेत. केवळ फुगलेले किंवा बुरशी आलेले दाणे जमेस धरू नयेत.

सत्तर किंवा त्याहून अधिक दाणे उगवले तर बी निर्धास्तपणे पेरावे. पन्नास ते सत्तर दाणे उगवले तर त्या प्रमाणात बी अधिक घ्यावे. पन्नासांहून कमी उगवले तर ते बी पेरण्यात श्रम दवडू नयेत. कारण अशा बियाचे उगवलेले रोपही दुबळे निघते आणि कोवळेपणीच मरते.

या टक्केवारीचा हिशेब मुलांना गणिताच्या तासाला देण्याजोगा आहे. चारशे रोपे हवी असतील आणि बी ८० टक्के उगवणारे असेल तर ५०० दाणे, म्हणजे पावणेदोन ग्रॅमच्या आसपास बी पुरते. तेच बी ४० टक्क्यांवर घसरले तर १,००० दाणे लागतात, आणि १० टक्क्यांवर आले तर ४,००० दाणे, म्हणजे १३ ग्रॅमहून अधिक. स्वस्तात मिळालेले जुने बी प्रत्यक्षात किती महाग पडते, हे या एका उदाहरणावरून स्पष्ट होईल.

माती, पाणी आणि वाफा

विसाव्या शतकाच्या आरंभी गोदावरीच्या कालव्यांचे पाणी कोपरगाव-राहाता भागात पोहोचले आणि या पर्जन्यछायेच्या प्रदेशात ऊस, पेरू, भाजीपाला यांची बागायत उभी राहिली. येथील काळी माती कसदार आहे, परंतु तिचे दोन दोष परसबागेत जाणवतात. एक म्हणजे पाणी देऊन ऊन पडले की तिच्यावर कडक पापुद्रा धरतो आणि कांद्याचा नाजूक कोंब त्याखालीच अडकून राहतो. दुसरा म्हणजे कालव्याच्या पट्ट्यात काही जमिनी क्षारपड झाल्या असून काही विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी खारवट आहे. कांदा क्षार फारसा सहन करीत नाही. मातीवर पांढरी पुटे दिसत असतील तर तेथे वाफा करू नये. शंका असल्यास माती व पाणी तपासून घ्यावे; राहाता तालुक्यातील बाभळेश्वर येथे कृषी विज्ञान केंद्र आहे, तेथे मार्गदर्शन मिळू शकते.

या दोन्ही दोषांवर गादीवाफा हा उपाय आहे. एक मीटर रुंद, चार मीटर लांब आणि सुमारे १५ सेंटिमीटर उंच असा वाफा परसात सहज बसतो. त्याचे क्षेत्रफळ चार चौरस मीटर, म्हणजे एका गुंठ्याचा जेमतेम पंचविसावा भाग होय. वाफा वीतभर खोल खणून ढेकळे फोडावीत आणि पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत चार-पाच घमेली मिसळावे. माती फार चिकण असेल तर दोन घमेली वाळूही टाकावी. ताजे शेण मुळीच घालू नये; त्याने रोपांची मुळे जळतात, हुमणी वाढते आणि कच्ची खाल्ली जाणारी पात दूषित होण्याचा धोका राहतो.

ज्यांना परस नाही त्यांनी गच्चीवर, भाजीच्या प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये किंवा जुन्या टबात पात घ्यावी. कांद्याची मुळे उथळ असतात. वीतभर खोल माती त्यांना पुरते. तळाशी पाणी निघून जाण्यास छिद्रे मात्र अवश्य हवीत.

पेरणी ओळीत का करावी

बी फेकून पेरण्याची सवय सोडावी. कांद्याचे रोप उगवते तेव्हा ते गवताच्या पात्यासारखे दिसते. फेकून पेरलेल्या वाफ्यात गवत कोणते आणि कांदा कोणता हे नवख्याला कळत नाही. मुले तर कांदाच उपटून टाकतात. ओळी असल्या की ओळीत जे आहे ते पीक आणि ओळीबाहेर जे आहे ते तण, इतका सोपा नियम लागू पडतो.

वाफ्याच्या रुंदीला समांतर, दहा-दहा सेंटिमीटरवर बोटाने उथळ रेघा ओढाव्यात. रेघ एक सेंटिमीटरहून खोल असू नये. त्यात बी पातळ पेरून वर चाळलेले शेणखत किंवा बारीक माती पसरावी. यामुळे पापुद्रा धरत नाही. वर वाळलेले गवत किंवा ओले गोणपाट अंथरून झारीने हलके पाणी द्यावे. पहिले आठ-दहा दिवस वरचा थर सुकू देऊ नये, कारण याच काळात बी सर्वांत अधिक परावलंबी असते. सातव्या ते दहाव्या दिवशी कोंब दिसू लागतात. कांद्याचा कोंब सरळ न येता गुडघ्यासारखा वाकून वर येतो आणि नंतर ताठ होतो. असे वाकलेले कोंब दिसताच आच्छादन संध्याकाळच्या वेळी काढून घ्यावे. विलंब केल्यास रोपे पिवळी आणि लांबट होतात.

गड्ड्यासाठी कांदा लावताना सहा-सात आठवड्यांचे रोप उपटून दुसऱ्या जागी लावतात. पातीसाठी त्याची गरज नाही. पेरलेल्या जागीच रोपे वाढू द्यावीत आणि दोन रोपांत सुमारे अडीच सेंटिमीटर अंतर राहील अशी विरळणी करावी. विरळलेली कोवळी रोपेही वाया जात नाहीत. कोशिंबिरीत ती उत्तम लागतात.

हप्त्याहप्त्याने पेरणी

सर्व वाफा एकाच दिवशी पेरणे ही परसबागेत नेहमी होणारी चूक आहे. मग सारी पात एकदम तयार होते, शेजारीपाजारी वाटूनही उरते, आणि नंतर दोन महिने काहीच मिळत नाही. त्याऐवजी चार मीटरच्या वाफ्याचे एक-एक मीटरचे चार भाग पाडावेत आणि दर वीस दिवसांनी एक भाग पेरावा.

एका भागात दहा ओळी बसतात. प्रत्येक ओळ एक मीटर लांब आणि रोपांत अडीच सेंटिमीटर अंतर धरले तर एका ओळीत ४० आणि एका भागात ४०० रोपे होतात. वीस रोपांची एक जुडी धरली तर एका भागातून २० जुड्या निघतात. म्हणजे वीस दिवस रोज एक जुडी. पेरणीपासून साठाव्या दिवशी पात उपटण्यास आरंभ करावा आणि ऐंशीव्या दिवसापर्यंत तो भाग मोकळा करावा. तोवर चारही भाग पेरून झालेले असतात आणि मोकळ्या भागात शेणखत घालून पुन्हा पेरणी करता येते. दर हप्त्याला दोन ग्रॅम ताजे बी पुरेसे होते. हा हिशेब सर्व रोपे टिकली असे धरून केलेला आहे. प्रत्यक्षात थोडी तूट येईलच. तरीही एका कुटुंबाची गरज भागून काही पात शेजारी जाईल, एवढे उत्पन्न या वाफ्यातून निश्चित येते.

शिर्डीच्या हवामानात सप्टेंबर ते जानेवारी हा काळ पेरणीस सर्वांत अनुकूल होय. पावसाळ्यात पेरल्यास वाफा अधिक उंच करावा, अन्यथा पाणी साचून रोपे कोलमडतात. एप्रिल-मेमध्ये दुपारची सावली केल्याशिवाय बी नीट उगवत नाही.

या वेळापत्रकाचा आपल्या सणवारांशीही मेळ बसतो. महाराष्ट्रात अनेक घरांतून आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांदा खाऊन चातुर्मासात तो वर्ज्य करण्याची प्रथा आहे. खंडोबा ज्यांचे कुलदैवत आहे अशी पुष्कळ कुटुंबे मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीच्या दिवशी, वांग्याचे भरीत, बाजरीचा रोडगा आणि पातीचा कांदा यांचा नैवेद्य दाखवून हा नेम सोडतात. शिर्डीत खंडोबाचे जुने देवालय आहे. तेथील पुजारी म्हाळसापती यांनीच साईबाबांना प्रथम ‘साई’ म्हणून संबोधले, असे परंपरा सांगते. चंपाषष्ठी नोव्हेंबरच्या उत्तरार्धात किंवा डिसेंबरमध्ये येते. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेली पात त्या सुमारास नेमकी हाताशी येते. घरात कांदा वर्ज्य असतानाच्या काळात पेरणी करावी आणि नेम सुटेल तेव्हा घरच्या पातीचा नैवेद्य दाखवावा, अशी ही सांगड आहे.

निगा

मुळे उथळ असल्यामुळे कांद्याला एकदम भरपूर पाण्यापेक्षा थोडे थोडे पाणी वेळेवर हवे असते. थंडीत दोन-तीन दिवसांआड आणि उन्हात रोज हलके पाणी द्यावे. भांडी घासलेले साबणाचे पाणी किंवा गटाराचे सांडपाणी या वाफ्याला कदापि देऊ नये. पात कच्चीही खाल्ली जाते, हे विसरता कामा नये.

कांद्याची पाने सरळ उभी असल्याने जमिनीवर सावली पडत नाही. म्हणून तण बेसुमार वाढते. पहिले सहा आठवडे दर आठवड्याला हाताने खुरपणी करणे हे या पिकातील मुख्य श्रम होत. या बाबतीत साईबाबांच्या बागेची हकीकत स्मरणात ठेवण्यासारखी आहे. गोविंद रघुनाथ दाभोळकर यांनी लिहिलेल्या ‘श्री साई सच्चरित’ या ग्रंथात तिचे वर्णन आहे. बाबांनी राहात्याहून झेंडू, जाई, जुई आणून शिर्डीत लावली. वामन तात्या नावाचे भक्त त्यांना रोज दोन कच्चे घडे पुरवीत. बाबा स्वतः विहिरीवरून पाणी आणून झाडांना घालीत. संध्याकाळी निंबाखाली ठेवलेले ते कच्चे घडे फुटत आणि दुसऱ्या दिवशी नवे येत. तीन वर्षे हा क्रम चालला आणि तेथे फुलबाग उभी राहिली. आज त्याच जागी समाधी मंदिर आहे. परसबाग मोठ्या साधनांनी उभी राहत नाही, रोजच्या पाण्याने राहते, हेच या हकीकतीवरून दिसते.

किडींमध्ये फुलकिडे हा मुख्य शत्रू आहे. पानांवर चंदेरी ठिपके दिसू लागले आणि शेंडे वाळू लागले की फुलकिडे आले असे समजावे. परसबागेत विषारी औषधे टाळावीत. सकाळी पानांवर पाण्याचा जोरदार फवारा मारणे, निळे चिकट सापळे लावणे आणि पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी करणे एवढे उपाय बहुधा पुरतात. वाफ्याभोवती मक्याच्या दोन ओळी लावल्यास फुलकिड्यांना अटकाव होतो आणि मुलांना कणसेही मिळतात. पावसाळी हवेत पानांवर जांभळट चट्टे पडले तर तो करपा होय. अशी पाने काढून नष्ट करावीत आणि वरून पाणी देणे थांबवावे.

काढणी आणि आहार

पात पेन्सिलीएवढी जाड झाली की उपटावी. उपटण्यापूर्वी वाफा भिजवून घेतल्यास मुळे तुटत नाहीत. काही रोपे न उपटता बुडाशी दोन बोटे राखून कापल्यास पुन्हा फुटतात, कारण कांद्याचे पान टोकाशी वाढत नसून बुडाशी वाढते. अशी कापणी दोनदा घेता येते; पुढे पात बारीक होत जाते.

आहाराच्या दृष्टीने पात ही वाळलेल्या कांद्याहून सरस आहे. शंभर ग्रॅम पातीत सुमारे १९ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि ७० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. कांद्याच्या गड्ड्यात हेच प्रमाण अनुक्रमे सुमारे ७ आणि २३ मिलिग्रॅम भरते. हिरव्या पानांत अ जीवनसत्त्वाचा पूर्वघटक असतो, तो गड्ड्यात जवळजवळ नसतो. पीठ पेरून केलेली पातीची भाजी, झुणका, थालीपीठ किंवा भाकरीबरोबर नुसती कच्ची पात, हे पदार्थ ग्रामीण घरांत आवडीने खाल्ले जातात. म्हणूनच शाळेच्या पोषण आहारात परसबागेतील पातीचा समावेश करण्यास नवी सवय लावावी लागत नाही.

घरचे बी

ताजे बी दरवर्षी विकत घ्यावे लागू नये यासाठी एक मार्ग आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एकाच वाणाचे, एकसारखे, निरोगी, मध्यम आकाराचे आठ-दहा कांदे वाफ्याच्या एका कडेला लावावेत. थंडीमुळे त्यांना डेंगळे येतात आणि त्यांवर पांढऱ्या फुलांचे गोंडे धरतात. परागीभवन मधमाश्या करतात. त्या काळात कोणतीही फवारणी करू नये. गोंड्यातील काही बोंडे उकलून काळे बी दिसू लागले की गोंडा कापून सावलीत वाळवावा. पहिल्याच वर्षी, पातीच्या वाफ्यात आपोआप डेंगळे आलेल्या रोपाचे बी मात्र धरू नये. ती खोड पुढच्या पिढीत उतरते. शेजारी दुसऱ्या वाणाचे डेंगळे असतील तर मधमाश्यांमुळे वाण मिसळतो. परसातल्या पातीला त्याने बाधा येत नाही, परंतु शेतातील कांद्यासाठी असे बी वापरू नये.

बी उत्तम वाळल्यावर घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत भरावे. भाजून थंड केलेल्या तांदळाची लहान पुरचुंडी बाटलीत ठेवल्यास ती ओलावा शोषून घेते. बाटलीवर महिना व वर्ष लिहावे आणि ती थंड जागी, शक्य असल्यास शीतकपाटात ठेवावी.

घरच्या बियाचे मोल संकटात कळते. २०२० साली अतिवृष्टीने राज्यातील कांद्याच्या अनेक रोपवाटिका वाया गेल्या, पुन्हा पेरणीसाठी बियाण्याची टंचाई झाली आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेर केंद्र शासनास कांदा बियाण्याच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली. त्या हंगामात ज्यांच्याकडे घरचे, तपासलेले बी होते त्यांना बाजाराकडे पाहावे लागले नाही.

शाळा आणि ग्रामपंचायतींसाठी

शालेय पोषण बागांविषयी केंद्र शासनाने २०१९ साली मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या. राज्यात बचत गटांच्या चळवळीनेही परसबागेचा पुरस्कार केला आहे. अशा उपक्रमांत बियाण्याची पाकिटे एकगठ्ठा घेऊन वाटण्याची पद्धत आहे. इतर भाज्यांच्या बाबतीत वाटपाला सहा महिने उशीर झाला तरी चालून जाते. कांद्याच्या बाबतीत तो उशीर साऱ्या वाफ्याला भोवतो. म्हणून तीन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. कांद्याचे बी त्याच वर्षीच्या हंगामातील असावे आणि पेरणीच्या तोंडावर खरेदी करावे. नोंदवहीत पाकिटांच्या संख्येबरोबर चाचणीची तारीख लिहावी. आणि वाटपापूर्वी एखाद्या शाळेतील विद्यार्थ्यांकडून शंभर दाण्यांची चाचणी करवून घेऊन तिचा निकाल पाकिटांसोबत कळवावा. यासाठी निधी लागत नाही. बारा दिवसांची सवड तेवढी लागते.

ज्या शाळेत वाफा एकदा फसला, तेथे मुले आणि शिक्षक दोघांचाही उत्साह मावळतो, आणि तो पुन्हा जागविणे हे नवे बी आणण्याहून कठीण असते. त्या वाफ्यावर माती वाईट असल्याचा शिक्का मारण्यापूर्वी पाकिटावरील तारीख पाहावी. येत्या हंगामात दोन ग्रॅम ताजे बी, एक ओले कापड आणि शंभर दाणे एवढ्या साहित्यावर आरंभ करावा. उगवलेल्या दाण्यांची मोजणी झाली की वाफा खणावयास घ्यावा. तो रिकामा राहणार नाही.